चार नंबरच्या टाकीचे नऊ अंश

आक्काच्या रागाचं वय तिच्या धाकट्या भावाला तोंडपाठ होतं. त्याची मुलगी पहिल्यांदा शाळेत गेली त्या वर्षी तो राग घरात आला. मुलगी आता सोळा वर्षांची झाली, उंचीने बापाला गाठायला आली, पण राग काही कुठे गेला नाही. भावजय कधी वैतागून म्हणायची, "वन्सं, एका माणसावर इतकी वर्षं डूख धरायला तुम्हाला सवड कशी मिळते?" आक्का म्हणायची, "सवड कशाला लागते? हाताने काम करायचं असतं, राग आपला आत चालू."

आक्का कापड रंगवण्याच्या कारखान्यात होती. बाप गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि भाऊ सात वर्षांचा. बापाच्या जागी मालकांनी तिला घेतलं ते झाडलोट करायला. वर्षभरात तिच्या लक्षात आलं की ओलं कापड वाळल्यावर कसं दिसेल हे तिला कळतं आणि बाकीच्यांना कळत नाही. "ओलं कापड खोटं बोलतं," असं ती म्हणायची. गिऱ्हाईक नमुना घेऊन यायचं, आक्का तो खिडकीपाशी नेऊन एकदा बघायची आणि सांगायची, पिवळा एवढा, तांबडा एवढा, निळ्याचा एक थेंब. तिचं चुकलेलं कोणी फारसं पाहिलं नाही. नखांच्या कडा कायम रंगलेल्या, आणि त्यांवरून आज कारखान्यात कोणता लॉट निघाला हे गल्लीतली बायामाणसं ओळखायची.

लग्न तिने केलं नाही. एकदा स्थळ आलं होतं, चांगलं शिकलेलं. भावाने हौसेने विचारलं, "कसा वाटला?" आक्का म्हणाली, "दोन धुण्यांत रंग जाईल." त्या माणसाचं दुसरीकडे लग्न झालं आणि दोन वर्षांत त्याने बायकोला माहेरी पाठवली. तेव्हापासून भावाने तिला स्थळाबद्दल विचारणं सोडलं. उलट स्वतःसाठी मुलगी बघायला जाताना तोच तिला सोबत घेऊन गेला.

मग ते पाणी आटलेलं वर्ष आलं. कारखान्याची विहीर तळाला गेली, नळाला एक दिवसाआड पाणी. कापड रंगवायला पाणी लागतं ते काही घोट दोन घोट नव्हे, आणि एकदा रंगवून झालं की ते सगळं गटारात. मालक म्हणाले, पाचातल्या दोन टाक्या बंद करू. दोन टाक्या म्हणजे अकरा माणसं. आक्का म्हणाली, "थांबा जरा. उरलेलं पाणी टाकू नका."

तिने पिवळ्याचं उरलेलं पाणी ठेवलं आणि त्यातच नारिंगी रंगवलं. नारिंगीच्या पाण्यात तांबडं, तांबड्याच्या पाण्यात किरमिजी, आणि शेवटी काळं. फिकटाकडून गडदाकडे, एकाच पाण्यात ताग्यांचे पाच लॉट. ऐकायला सोपं वाटतं. करायला तिला चौदा महिने लागले. जुन्या पाण्यात मीठ किती शिल्लक आहे कळायचं नाही, रंग कापडाला चिकटायच्या ऐवजी पाण्यालाच चिकटून बसायचा. मग तिला कळलं की मीठ एकदम घालायचं नाही, अर्धं कापड बुडाल्यावर घालायचं. आणि ऊब एका ठरावीक अंशापर्यंतच न्यायची. त्याच्या वर गेलं की सगळं फुकट. हे सगळं तिने एका लांब वहीत लिहून ठेवलं, रोज, रेघा मारून. पाणी तिसऱ्या हिश्शावर आलं. एकही टाकी बंद झाली नाही.

आता या वहीत एक गोष्ट होती, जी कारखान्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती आणि बाहेरच्या कोणालाही नव्हती. हे सगळं काम आक्काने चार नंबरच्या टाकीवर केलं होतं, आणि चार नंबरच्या टाकीचा काटा नऊ अंश पुढे होता. पाणी साठ अंशांवर असलं की काटा एकोणसत्तर दाखवायचा. मालकांना सांगून झालं होतं. ते म्हणाले, "चालतंय ना? मग नऊ वजा करा की." सगळे नऊ वजा करायचे. पण वहीत आक्का काट्यावर दिसेल तोच आकडा लिहायची, कारण वही होती दुसऱ्या पाळीच्या माणसांसाठी. त्यांनी वही बघायची आणि काटा तिथे न्यायचा. खरं किती आणि खोटं किती ही वजाबाकी त्यांच्या डोक्यावर कशाला?

मालकांनी ही गोष्ट कुठल्याशा बैठकीत अभिमानाने सांगितली, आणि महिन्याभरात डॉक्टर आले.

हे औषध देणारे डॉक्टर नव्हेत, प्रबंध लिहिणारे. संशोधन संस्थेत होते. सरकारचं त्या वेळी धोरण होतं की संशोधकांनी उद्योगात जावं, तिथले प्रश्न समजून घ्यावेत. डॉक्टर चार महिने आले. सकाळी दहाला यायचे, मालकांच्या खोलीत पंख्याखाली बसायचे, एकला जायचे. टाकीपाशी यायचे ते रुमाल नाकाला लावून. पण बोलायला गोड. "ताई, तुम्ही म्हणजे चालतीबोलती प्रयोगशाळा आहात," असं म्हणायचे, आणि आक्काला ते आवडायचं. तोवर तिच्या कामाला कोणी काम म्हटलं होतं, प्रयोग म्हटलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "ताई, वही दोन दिवस नेऊ का?"

आक्काने वही जुन्या कापडात गुंडाळून दिली. पाऊस नव्हता तरी गुंडाळून दिली.

दोन दिवसांचे दोन महिने झाले. फोन केला तर डॉक्टर म्हणाले, "ताई, आमच्या ऑफिसचं स्थलांतर झालं हो, कुठे गेली कळेना. शोधतोय." वर्षभराने मालकांनी एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका आणून आक्कासमोर ठेवली. मुखपृष्ठावर डॉक्टरांचा फोटो, आत पुरस्कार घेतानाचा आणखी एक. एकतिसाव्या पानावर आक्काचा तक्ता होता. तिचीच मांडणी. मधल्या एका तारखेला ती तापाने घरी होती म्हणून ओळ कोरी होती. पुस्तिकेतही ती ओळ कोरी. खाली लिहिलं होतं, "लेखकाची प्रत्यक्ष निरीक्षणे."

आणि त्यापुढे बारा पानं भरून एक सिद्धांत. सगळं जग साठ अंशांवर रंगवतं, पण वापरलेल्या पाण्याला नऊ अंश अधिक ऊर्जा लागते, हा लेखकाचा मूलगामी शोध आहे. का लागते याच्या आकृत्या होत्या, बाण होते.

आक्काने ती बारा पानं बॉयलरवाल्याला वाचून दाखवली. बॉयलरवाला तिच्याबरोबरचा, तीस वर्षांपासूनचा सोबती. तो खाली बसला आणि पोट धरून हसला. "अगं, हा बिघडलेल्या काट्यावर डॉक्टर झाला," तो म्हणाला. "सांग ना त्यांना."

"सांगेन," आक्का म्हणाली. ती हसत नव्हती. "वेळ आली की."

तिने संस्थेला पत्र लिहिलं. तक्ता माझा आहे, वही माझी आहे, एवढंच. नऊ अंशांबद्दल एक अक्षर नाही. उत्तर आलं, "आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे." दुसरं पत्र लिहिलं. तेच उत्तर आलं, फक्त तारीख बदललेली. मालक म्हणाले, "आक्का, वही नाही म्हणजे पुरावा नाही. सोडून दे." पण आक्काला मालकांच्या बोलण्यातला पहिला अर्धाच भाग पटला. वही नव्हती, खरं. पण मग पुरावा आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, डॉक्टरांच्या तोंडात. तो माणूस चार लोकांत आपल्या तोंडाने म्हणेल की हे या बाईचं आहे, तेव्हाच ते फिटेल. तिला पुरस्कार नको होता, फोटो नको होता. ते एक वाक्य हवं होतं, आणि ते म्हणताना त्याला दुखायला हवं होतं.

वर्षं गेली. डॉक्टर चढत गेले. संस्थेत विभागप्रमुख झाले, मग धोरण ठरवणाऱ्या मंडळात गेले. नऊ अंशांवर भाषणं झाली, परिसंवाद झाले, कोणा विद्यार्थ्याने त्याच्यावर आणखी एक प्रबंध लिहिला. एवढं सगळं झालं, पण त्या आकड्यावर कोणी एक हातरुमाल रंगवला नाही. त्यामुळे आकडा सुखरूप राहिला. इकडे आक्काच्या कारखान्यात साठ अंशांवर काम चालू होतं, रोज, बिनबोभाट. चार नंबरची टाकीही मोडीत गेली, नवीन आली, तिचा काटा खरा होता.

मग नवं धोरण आलं. मोठं नाव होतं त्याचं, शाश्वत आर्थिक स्पर्धाक्षमतेसाठी संशोधन आणि नवोपक्रम. भावाने ते नाव वाचता वाचता मध्ये एकदा श्वास घेतला. पण आत लिहिलेलं शहाणपणाचं होतं. बाहेरच्या देशांतली गिऱ्हाइकं आता विचारत होती, एक किलो कापडाला किती पाणी लागलं ते सांगा, नाहीतर माल दुसरीकडून घेतो. परिसरातल्या चाळीस लहान रंगखान्यांना याचं उत्तर देता येत नव्हतं. धोरण म्हणत होतं की त्यांना पाणी वाचवणारं तंत्र सरकार देईल. मात्र इथून पुढे कुठलंही संशोधन कागदावर मंजूर होणार नाही, आधी खऱ्या कारखान्यात, पूर्ण लॉटवर, समितीसमोर चालवून दाखवायचं. आणि समितीत एक जाणता कामगार असलाच पाहिजे. दुसरी संधी नाही. पहिली चाचणी फसली की निधी दुसऱ्या उद्योगाकडे जाणार.

निवडलं गेलं ते डॉक्टरांचं तंत्र. आणि चाचणीची जागा म्हणून मालकांनी आपला कारखाना देऊ केला, कामगार म्हणून आक्काचं नाव दिलं. ती वर्षापूर्वीच निवृत्त झाली होती. "कारखान्याचं नाव होईल, आक्का," मालक म्हणाले. "तू फक्त गप्प बस."

"मी गप्पच आहे," आक्का म्हणाली. "अकरा वर्षं."

चाचणीच्या चार दिवस आधी दुपारी डॉक्टर घरी आले. केस पांढरे झालेले, हातात फळांची करंडी. आक्का भाजी निवडत बसली होती.

"ताई, ओळखलंत का?"

"तुम्ही ओळखलंत हेच खूप. बसा."

डॉक्टर खुर्चीच्या कडेवर बसले. तब्येतीची चौकशी झाली, घर छान आहे म्हणून झालं. मग ते म्हणाले, "ताई, तुमच्याशी जरा बोलायचं होतं. संस्थेत आम्ही मोठ्या टाकीवर चालवून पाहिलं. पहिली दोन पाणी ठीक जातात. तिसऱ्यापासून रंग बसत नाही. धुतला की जातो. लहान भांड्यात असं कधी झालं नव्हतं."

"लहान भांड्यात तिसरं पाणी केलं होतं का?"

"दोन केली होती. दोनावरून अंदाज बांधता येतो."

"मीठ दोनदा घालता?"

"हो."

"आकडा कुठे बदललात का?"

"छे. तंतोतंत."

आक्काने एक किडकं पान बाजूला टाकलं. "मग झालं की," ती म्हणाली. "जसं लिहिलं होतं तसंच करा."

डॉक्टर खुर्चीत मागे सरकले. मग म्हणाले, "तुम्ही समितीत आहात हे कळल्यावर बरं वाटलं. आपलं माणूस. यंदा अहवालाच्या शेवटी आम्ही ऋणनिर्देश करतो आहोत, त्यात स्थानिक कामगारांचा उल्लेख घ्यायचं माझ्या मनात आहे."

"घ्या ना. चहा?"

डॉक्टर चहा पिऊन गेले. आतल्या खोलीतून भाऊ बाहेर आला. तो टेम्पो चालवायचा, रंगखान्यांतून तागे न्यायचा आणायचा. चाळीसातल्या सव्वीस कारखान्यांचा माल त्याच्याच गाडीत असायचा.

"एवढा चालून दारात आला होता तो," भाऊ म्हणाला. "सांगून टाकायचंस. नऊ वजा करा. एवढंच तर होतं."

"सांगितलं असतं. मग उद्या ते तेराव्या पानावर लिहिलं असतं, लेखकाने नंतर केलेली सुधारणा."

"आणि चाचणी फसली तर? माणसं आहेत, आक्का. आपल्या घरची चूलही त्याच कापडावर आहे."

"मी आहे ना तिथे. फसली की मी उभी राहीन."

"आणि तो म्हणाला, सगळं माझंच, चूक पण माझीच, तर? मग तू कोण उभी राहणार?"

 आक्काने देठं गोळा केली, पाटी उचलली. मग म्हणाली, "चूक माझी म्हणणारा माणूस नाही तो."

"आणि म्हणाला तर?"

"तर बुडेल सगळं."

भाऊ आत निघून गेला. त्या दिवशी तो तिच्याशी बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. फळांची करंडी कोणी उघडली नाही. भावजयीने ती शेजारी देऊन टाकली.

चाचणी सुरू झाली. समितीत पाच जण. अध्यक्षबाई अंगाने बारीक, डोळ्याला जाड चष्मा, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणाऱ्या. दोन अधिकारी, एक गिरणीवाला, आणि आक्का. एक टिपणी घेणारा कारकून. बॉयलरवाल्याला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं तरी तो धुतलेला शर्ट घालून आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. पहिल्या दिवशी पिवळं झालं, नारिंगी झालं, दोन्ही उत्तम. अधिकारी खूश. मालक सगळ्यांना थंड पाणी देत फिरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबड्याचं कापड टाकीत जायच्या आधी आक्काने हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा.

"अध्यक्षबाई, एक विचारू? आम्ही कमी शिकलेली माणसं. डॉक्टर, हे एकोणसत्तरच का? आम्ही आपले साठावर करतो. साठावर नाही का चालणार?"

बॉयलरवाल्याने खाली मान घातली.

डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी टाकीच्या कडेला उभं राहून बाण आणि आकृत्या हवेत काढल्या. वापरलेलं पाणी, त्याची दमलेली अवस्था, त्याला लागणारी वरची ऊर्जा. पाऊण तास बोलले. शेवटी म्हणाले, "साठ अंशांवर हे तंत्र मुळीच चालणार नाही. किंबहुना साठ आणि एकोणसत्तर यांतला फरक हेच संशोधन आहे."

"लिहिलंत ना?" आक्काने कारकुनाला विचारलं.

"लिहिलं."

दुपारी तांबडं कापड निघालं. ओलं होतं तेव्हा झकास दिसत होतं. अधिकारी टाळ्या वाजवणार तेवढ्यात आक्काने पांढरा फडका ओला केला, कापडावर दोनदा घासला आणि अध्यक्षबाईंच्या हातात दिला. फडका लाल झाला होता. मग धुवायला घातलं. पहिल्या धुण्याचं पाणी लाल, दुसऱ्याचं लाल, तिसऱ्याचंही. कापड फिक्कट गुलाबी होऊन बाहेर आलं, कुठे कमी कुठे जास्त, दुखण्यातून उठलेल्या माणसासारखं.

 मालक हातातला तांब्या धरून उभेच.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "डॉक्टर, हे कशाने झालं?"

"पाण्याचा दोष असू शकेल. किंवा कापडाचा."

"पाणी तपासून घेतलंय, कापड तुम्हीच आणलंय. आकडे कोणी घेतले होते? मूळ आकडे?"

आक्का हात मांडीवर ठेवून बसली होती.  डॉक्टर टाकीकडे बघत होते, मग कारकुनाच्या लेखणीकडे, मग तिच्याकडे. तिने नजर काढून घेतली नाही. भावाचा प्रश्न तिला आठवला, आणि तेव्हापासून पहिल्यांदाच वाटलं, हा माणूस जर शहाणा निघाला तर? पदरात घेतली चूक तर?

"खरं सांगायचं तर," डॉक्टर म्हणाले, "मूळ आकडे माझे नाहीत. इथल्याच एका वहीतले आहेत. या बाईंच्या. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. चूक असेल तर ती वहीतली आहे."

अकरा वर्षं वही नव्हती. चूक झाली तशी वही आली.

"अध्यक्षबाई," आक्का म्हणाली, "हे लिहून घ्यायला सांगा."

"काय लिहायचं?"

"ते म्हणाले तेच. आकडे माझ्या वहीतले."

अध्यक्षबाईंनी सवयीप्रमाणे दुसऱ्यांदा विचारलं, "सगळे आकडे, डॉक्टर?"

डॉक्टरांना वाटलं जेवढं जास्त तिच्या अंगावर जाईल तेवढं बरं. "सगळे," ते म्हणाले. "पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत."

"मीठ दोनदा घालायचं तेही?" आक्काने विचारलं.

"तेही."

"फिकटाकडून गडदाकडे जायचं?"

डॉक्टर थांबले. आपण कुठे चालत आलो हे त्यांना तेव्हा दिसलं, पण मागचं दार तोवर लागलं होतं.

"बोला की," भिंतीपासून बॉयलरवाला म्हणाला.

"तेही," डॉक्टर म्हणाले.

मग आक्काने चार नंबरच्या टाकीच्या काट्याची गोष्ट सांगितली. हळू, शांतपणे, कोणालाही न हिणवता. हिणवायची गरजच नव्हती. आधी गिरणीवाला हसला. मग अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांनाही आवरेना. अध्यक्षबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो पुसायला त्यांना फार वेळ लागला. डॉक्टर सोबत आणलेल्या दोन विद्यार्थ्यांमध्ये उभे होते, आणि त्यातला एक विद्यार्थी सरकत सरकत चार पावलं लांब गेला होता.

"आक्का," अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही हे आधी सांगू शकला असतात."

"दोन पत्रं लिहिली होती. नोंद घेतली होती त्यांनी."

पुढचे तीन दिवस आक्काने टाकी चालवली. साठ अंशांवर. अध्यक्षबाईंनी नियम पाहिले आणि ठरवलं की तंत्र तेच आहे, ज्याचं आहे त्याने चालवलं तर ती पहिलीच चाचणी धरता येते. पिवळं, नारिंगी, तांबडं, किरमिजी, काळं. काळ्या कापडावर फडका घासला तेव्हा तो पांढराच राहिला. मालक म्हणाले, "मी आधीपासून म्हणत होतो." आक्काने त्यांना ते म्हणू दिलं.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा खरी रस्सीखेच झाली. तंत्र आक्काचं, हे स्वच्छ लिहिलं गेलं, त्याला आता कोणी हात लावू शकत नव्हतं. पण चोरी कशी झाली, बारा पानांचा सिद्धांत कशावर उभा होता, हे लिहिलं तर मंडळाचीच लाज जाणार होती. डॉक्टरांवर चौकशी बसली असती, दोन वर्षांवर आलेलं निवृत्तिवेतन गेलं असतं. अधिकारी म्हणाले, "नोंदींच्या हाताळणीत त्रुटी" असं लिहू. आक्काची सही लागत होती. ती सही करेना.

डॉक्टर तिच्याकडे आले. या वेळी हातात काही नव्हतं. "ताई, मी हात जोडतो," ते म्हणाले. "मुलीचं शिक्षण व्हायचंय अजून. तुम्ही मागाल ते करीन."

बाजूला उभा असलेला भाऊ हळूच म्हणाला, "आक्का, झालं आता. मिळालं ना तुला वाक्य?"

आक्काने विचार केला. कागदाचं काय होतं ते तिला माहीत होतं. तिची दोन पत्रंही कुठल्याशा कपाटात नीट लावून ठेवलेली असतील. हाही अहवाल तिथेच जाईल. चोरी असं लिहिलं काय आणि त्रुटी लिहिलं काय, वाचणार कोण?

"त्रुटी लिहा," ती म्हणाली. "मी सही करते. पण चाळीस कारखान्यांत मी शिकवायला जाणार आहे. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर माझ्याबरोबर पाहिजेत."

अधिकाऱ्यांना यात काहीच वावगं दिसलं नाही. उलट संशोधक आणि कामगार एकत्र, धोरणाला धरूनच होतं. त्यांनी तसा आदेश काढला.

त्याप्रमाणे आक्का निघाली. भावाच्याच टेम्पोतून, पुढच्या बाकावर तिघं, डॉक्टर मधे. प्रत्येक रंगखान्यात पोचलं की आधी तिथल्या टाकीचा काटा काढायचा आणि उकळत्या पाण्यात धरायचा. शंभर दाखवला तर खरा. काटा धरायचं काम डॉक्टरांकडे. वाफेत उभं राहून ते आकडा मोठ्याने सांगायचे, आणि तेवढ्यात आक्का जमलेल्या माणसांना सांगायची की काटा का तपासायचा. पहिल्यापासून. वही कोणी मागितली, कशात गुंडाळून दिली, बारा पानांत काय होतं. कोणाकोणाला विचारायची, "आणि ते डॉक्टर कोण, माहीत आहे का?" मग थांबायची. लोक इकडेतिकडे बघायचे, आणि एकेकाची नजर वाफेकडे वळायची.

सातव्या कारखान्यात माणसं खूप हसली. एका म्हातारीने तर जाताना डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "होतं असं बाबा. पुढच्या वेळी विचारत जा."

तिघं परत निघाले. डॉक्टरांचा शर्ट वाफेने अंगाला चिकटला होता. भावाने एका हाताने पाण्याची बाटली काढून त्यांना दिली. आक्काने ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघू लागली. तिला बरं वाटत होतं. लोक सांगतात, सूड घेतल्यावर माणसाला रिकामं वाटतं, पश्चात्ताप होतो. तिने दोन आठवडे वाट पाहिली होती, तसं काही झालं नव्हतं. जेवण गोड लागत होतं, झोप लागत होती.

"ताई," डॉक्टर म्हणाले, "ती गोष्ट आणखी किती वेळा सांगणार आहात?"

"चाळीस कारखाने आहेत," आक्का म्हणाली. "सात झाले."

"काटा तपासायला मीच लागतो असं नाही. कोणीही धरू शकेल."

"धरू शकेल की. पण आदेशात तुमचं नाव आहे."

डॉक्टरांनी बाटलीचं टोपण लावलं. भावाने त्यांच्या डोक्यावरून बहिणीकडे एकदा पाहिलं, काही म्हणणार होता, मग गिअर बदलला.

संस्थेच्या फाटकापाशी टेम्पो थांबला. आक्काने खाली उतरून डॉक्टरांना वाट दिली आणि परत चढली. दार लावताना डॉक्टरांचा हात जरा घुटमळला. आक्का मधल्या जागेवर सरकून ऐसपैस बसली.

"उद्या दोन आहेत," ती म्हणाली. "आठ वाजता इथेच उभे राहा."